मुलांना कोणतं पुस्तक द्यावं? आधी घरातली भाषा पाहा, मग दुकानात जा

परीक्षा संपत आल्या की पालक शाळेत येतात आणि आम्हा शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात, "सुट्टीत वाचायला मुलाला एखादं चांगलं पुस्तक सांगा ना." प्रश्न साधा आहे, पण आपल्या घरांसाठी त्याचं उत्तर एका नावात देता येत नाही. कारण पुस्तकाचं नाव सांगण्याआधी आम्हाला उलट विचारावं लागतं, "घरी हे पुस्तक कोण वाचून दाखवणार? आणि कोणत्या भाषेत?"

रत्नागिरीतल्या आपल्या घरांतलं मूल दिवसभरात किती भाषांतून फिरतं ते बघा. दादी-नानीशी कोकणी बोली किंवा उर्दू. मदरशात अरबी कायदा. शाळेत उर्दू, मराठी नाहीतर इंग्रजी माध्यम. एसटीत, बाजारात, मिरकरवाड्याच्या बंदरावर मराठी. मोबाइलवर हिंदी कार्टून. ही अडचण नाही, ही दौलत आहे. जगातल्या अनेक मुलांना एकच भाषा येते, आपल्या मुलांच्या कानावर चार-पाच भाषा रोज पडतात. पण कानावर पडणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. यातल्या एकाही भाषेत मूल समजून वाचत नसेल, तर ही दौलत तिजोरीतच राहते.

खरी अडचण माध्यम बदलताना समोर येते. चौथी किंवा सातवीपर्यंत उर्दूत शिकलेलं मूल पुढे मराठी किंवा इंग्रजी वर्गात जातं. ते धडा खडाखडा वाचतं, पण "आता काय वाचलंस ते सांग" म्हटलं की गप्प होतं. शिक्षकाला वाटतं मूल कच्चं आहे, घरच्यांना वाटतं अभ्यास करत नाही, आणि मुलाला वाटू लागतं की आपल्याला डोकंच नाही. काही मुलं मग शाळेतूनच मन काढून घेतात. केंद्र सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हाच त्याचा गाभा आहे. शाळा आपलं काम करतील, पण गोष्टीची गोडी घरात लागते. ती लावायला महागड्या पुस्तकांची गरज नाही. योग्य पुस्तक आणि रोजची पंधरा मिनिटं पुरतात.

एकच गोष्ट, दोन लिप्या

आपल्या अनेक घरांत अम्मी उर्दू शाळेत शिकलेली असते आणि मूल मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातं. अम्मीला वाटतं, "मला कुठे मराठी नीट वाचता येतं? मी काय वाचून दाखवणार?" म्हणून ती बाजूला होते आणि मुलाला क्लास लावते. आमचा पहिला सल्ला इथेच आहे. एकच गोष्ट दोन भाषांत मिळवा. अम्मीने ती उर्दूत वाचून दाखवावी, दुसऱ्या दिवशी मुलाने तीच गोष्ट मराठीत वाचावी. गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे मूल अडत नाही. अनोळखी शब्द आला तरी संदर्भावरून अर्थ लागतो. अम्मीचं उर्दू वाया जात नाही आणि मुलाचं मराठी पक्कं होतं.

यासाठी दोन ठिकाणं लक्षात ठेवा.

पहिलं ठिकाण 'प्रथम बुक्स' या संस्थेचं 'स्टोरीवीव्हर'. ही संस्था २००४ साली सुरू झाली आणि २०१५ पासून स्टोरीवीव्हरवर चित्रांच्या गोष्टी मोफत वाचायला मिळतात. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी आणि इतर अनेक भाषा तिथे आहेत. बऱ्याच गोष्टी एकाहून जास्त भाषांत सापडतात. गोष्टींना एक ते चार असे स्तर दिलेले आहेत. पहिल्या स्तरात पानावर दोन-तीन सोपे शब्द किंवा वाक्यं, चौथ्यात मोठे परिच्छेद. मूल सहावीत असलं तरी मराठी नवीन असेल तर दुसऱ्या स्तरापासून सुरुवात करायला लाजू नये. गोष्टी डाउनलोड करून छापताही येतात, त्यामुळे मुलाच्या हातात मोबाइलच द्यायला हवा असं नाही.

दुसरं ठिकाण नॅशनल बुक ट्रस्ट. १९५७ साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेत मुलांची सचित्र पुस्तकं अनेक भारतीय भाषांत निघतात, मराठी आणि उर्दूतही. किमती सर्वसामान्य घराला परवडतील अशा असतात. पुस्तक प्रदर्शनात गेलात तर आधी हा गाळा गाठा.

कायदा शिकलेल्या मुलाचं अर्धं काम झालेलं असतं

आपल्याकडे पाच-सहा वर्षांचं मूल मदरशात अरबी कायदा शिकतं. अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं दिसतं, हे त्याला कळलेलं असतं. उजवीकडून डावीकडे वाचण्याची नजर बसलेली असते. अशा मुलाला उर्दू वाचायला शिकवणं म्हणजे नवी लिपी शिकवणं नव्हे. अरबीत नसलेली पे, टे, चे, डाल, गाफ यांसारखी थोडी अक्षरं ओळखायची आणि ज़ेर-ज़बर नसताना शब्द ओळखायची सवय करायची, एवढंच उरतं. म्हणून मूल इंग्रजी माध्यमात असलं तरी त्याच्यासाठी उर्दू गोष्टींचं एखादं पुस्तक घरात जरूर ठेवा. महिन्या-दोन महिन्यांत ते स्वतः वाचू लागलेलं दिसेल, आणि दादा-दादींच्या उर्दूशी त्याचं नातं तुटणार नाही.

तीन ते सहा वर्षं: मांडीवरची पुस्तकं

या वयात चित्र आधी, शब्द नंतर. मराठीत माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आम्ही डोळे झाकून सुचवतो. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली 'राधाचं घर' ही मालिका आणि 'बाबाच्या मिश्या' यांसारखी त्यांची पुस्तकं रोजच्या घरगुती गोष्टींवर आहेत. यात उपदेश नाही. वाक्यं बोलण्यातली आहेत, त्यामुळे ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही अशा मुलांना बोलीभाषेतलं मराठी सहज कळतं. राधाच्या घरातल्या माणसांची ओळख करून घेतल्यावर मुलाला सांगा, "आता आपल्या घराचं पुस्तक करू." वहीच्या पानांवर अम्मी, अब्बा, दादी, फुप्पी, चाचा यांची चित्रं आणि खाली एकेक वाक्य. मुलाचं पहिलं पुस्तक त्यानेच लिहिलेलं असेल.

चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाचं 'इस्मत्स ईद' हे याच वयासाठी. लेखिका फौझिया गिलानी-विल्यम्स. ईदच्या आदल्या दिवशी इस्मत नावाचा मोची घरच्यांसाठी भेटवस्तू घेतो आणि स्वतःसाठी पायजमा, पण तो चार बोटं लांब निघतो. बायको, आई, मुलगी, ज्याला त्याला ईदच्या तयारीची घाई. शेवटी तो स्वतःच कापून घेतो, आणि मग प्रत्येकीला दया येऊन ती चोरून आणखी चार बोटं कापते! मुलं पोट धरून हसतात. आपल्या घरातली चांदरातची धांदल पुस्तकात दिसली की मुलाला वाटतं, पुस्तकं आपल्याबद्दलही असतात. ही भावना छोटी नाही. वर्षभर पाठ्यपुस्तकात इतरांचे सण वाचणाऱ्या मुलाला आपली ईदही छापलेली दिसली पाहिजे.

सात ते दहा वर्षं: स्वतः वाचण्याचं वय

या वयात मूल "मी वाचतो" म्हणतं. पुस्तक झेपेल का, हे बघायची एक साधी युक्ती आहे. मधलं एखादं पान काढून मुलाला वाचायला द्या. न कळणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट उघडायचं. पाचही बोटं उघडली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवा. एक-दोन उघडली तर मुलाच्या हातात द्या.

मराठीसाठी 'वाचू आनंदे' हा संच घ्या. माधुरी पुरंदरे यांनीच संपादित केलेल्या या संचात बालगट आणि कुमारगटासाठी वेगळे भाग आहेत. मराठीतल्या चांगल्या लेखकांचे निवडक उतारे आणि सोबत भारतीय चित्रकला. ज्यांना मराठी साहित्याची ओळख नाही अशा घरांसाठी ही सगळ्यात सोपी वाट आहे.

फारूक एस. काझी हे नाव आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावं. सोलापूर जिल्ह्यातले हे शिक्षक मराठीत मुलांसाठी लिहितात. 'चुटकीचं जग' आणि 'प्रिय अब्बू' ही त्यांची पुस्तकं. मराठी बालसाहित्याच्या पानावर 'अब्बू' हा शब्द इतक्या सहजपणे येतो, याचाच आम्हाला आनंद आहे. आपल्यातल्या लेखकाचं पुस्तक विकत घेतलं गेलं तरच प्रकाशक दुसरं काढतो, हेही ध्यानात असू द्या.

उर्दूसाठी दोन जुन्या गोष्टी नव्याने सुचवतो. पहिली डॉ. झाकिर हुसैन यांची 'अब्बू ख़ां की बकरी'. पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झालेल्या या शिक्षकाने मुलांसाठी लिहिलेली ही गोष्ट. चांदनी नावाची बकरी दोर तोडून डोंगरावर जाते आणि रात्रभर लांडग्याशी झुंजते. शेवटी मुलांना विचारा, "कोण जिंकलं?" घरात दोन पक्ष पडतील आणि जेवण थंड होईल.

दुसरी प्रेमचंदांची 'ईदगाह'. १९३३ सालची ही गोष्ट उर्दू आणि हिंदी दोन्हींत सहज मिळते, म्हणजे अम्मीने उर्दू लिपीत आणि मुलाने देवनागरीत एकच गोष्ट वाचायची सोय आयती आहे. जत्रेत इतर मुलं खेळणी आणि मिठाई घेतात, छोटा हामिद आपल्या तीन पैशांत दादीसाठी चिमटा घेतो, कारण भाकरी भाजताना तिचे हात पोळतात. ही गोष्ट वाचल्यावर "यावरून तात्पर्य काय?" असं विचारू नका. हामिदला त्या वेळी खेळणं हवं होतं का, एवढंच विचारा. मूल जे सांगेल ते ऐका.

अकरा वर्षांपुढे: जगाकडे बघणारी पुस्तकं

या वयाच्या मुलांना खरी माणसं आवडतात. डॉ. सालिम अली यांचं बालपण त्यांना वाचायला द्या. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या मुलाने लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्याला पिवळा ठिपका दिसला, म्हणून त्याने मामांना विचारलं. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. त्या एका प्रश्नातून भारताचा पक्षितज्ज्ञ घडला. पुढे १९३० साली त्यांनी आपल्याच कोकणात, अलिबागजवळच्या किहीमला, सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. लईक फतेहअली यांच्यासोबत त्यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी आपल्या भोवतीच्या पक्ष्यांवर पुस्तकही लिहिलं. ते वाचा आणि मुलांना भाट्ये खाडीकडे घेऊन जा. पुस्तकातला पक्षी डोळ्यांसमोर दिसला की पुढचं पुस्तक मूल स्वतः मागतं.

'तोत्तोचान' हे जपानी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणलं आहे. एका शाळेतून काढून टाकलेली खोडकर मुलगी दुसऱ्या शाळेत कशी फुलते, त्याची ही खरी हकिकत. मुलांनी वाचावं, पण पालकांनी आधी वाचावं.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी अलीकडच्या काळात खूप चांगलं साहित्य आलं आहे. ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवलेल्या तलवारबाज इब्तिहाज मुहम्मद यांचं 'द प्राउडेस्ट ब्लू' (२०१९) हे चित्रपुस्तक मोठ्या बहिणीच्या हिजाबच्या पहिल्या दिवसाबद्दल आहे. मुली शाळेतली टोमणेबाजी कशी पेलतात, हे त्यात आहे. रीम फारूकी यांच्या 'लैलाज लंचबॉक्स'मध्ये नव्या देशात आलेल्या मुलीला रोजा ठेवायचा आहे, पण वर्गात सांगायचं कसं, हा प्रश्न पडतो. 'इन माय मॉस्क' (२०२१) मध्ये जगभरच्या मशिदी आणि तिथली मुलं भेटतात. ही तिन्ही चित्रपुस्तकं आहेत, त्यामुळे इंग्रजी नवीन असलेल्या मोठ्या मुलांनाही चालतात. भारतातलं म्हणाल तर समीना मिश्रा यांचं 'निदा फाइंड्स अ वे' (२०२१) जरूर वाचा. निदाच्या अब्बूंना तिची सतत काळजी वाटते आणि निदाला सायकल चालवायची असते. मुलीच्या काळजीपोटी तिला घरात बसवणाऱ्या प्रत्येक अब्बूने हे मुलीसोबत वाचावं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. फक्त आपल्याबद्दलचीच पुस्तकं वाचली तर मूल आरशासमोरच उभं राहील. फास्टर फेणेची धाडसं, सानेगुरुजींची 'श्यामची आई' हेही आपलंच आहे. सानेगुरुजी तर आपल्या जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. श्यामची आई त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. याच गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तकही लिहिलं, हे किती घरांना माहीत आहे? शेजाऱ्याचं घर आतून कसं असतं, हे मुलाला पुस्तकातून कळलं की वर्गात त्याची मैत्री सोपी होते. आणि आपलं घर आतून कसं आहे, हे शेजारच्या मुलालाही कळायला हवं. म्हणून 'ईदगाह' वाचून झाली की वर्गमित्राला वाचायला द्या.

मासिकं: दर महिन्याची वाट

पुस्तक एकदा वाचून संपतं, मासिकाची मूल वाट बघतं. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. 'वयम्' हे मोठ्या मुलांसाठी, 'चिकूपिकू' लहानग्यांसाठी. उर्दूत मुंबईचं 'गुल बूटे' आणि दिल्लीच्या राष्ट्रीय उर्दू परिषदेचं 'बच्चों की दुनिया' आहे. दोन शेजारी घरांनी मिळून एक मराठी आणि एक उर्दू मासिक लावलं आणि अदलाबदल केली, तर खर्च निम्मा होतो.

पुस्तकं मिळणार कुठे?

आपल्या रत्नागिरीत १८२८ सालचं नगर वाचनालय आहे, महाराष्ट्रातल्या सर्वात जुन्या ग्रंथालयांपैकी एक. आपल्या वस्तीतल्या किती मुलांनी तिथला जिना चढला आहे? सुट्टीत मुलाच्या नावाने सभासदत्वाची चौकशी करा. गावोगावी सरकारी अनुदानावर चालणारी ग्रंथालयं आहेत. तिथे उर्दू पुस्तकं नाहीत म्हणून तक्रार करण्यापेक्षा पाच-दहा पालकांनी मिळून लेखी मागणी करावी. वाचक मागतात तेव्हाच पुस्तकं येतात.

मोहल्ल्यातही सोय करता येते. जमातीच्या हॉलमध्ये किंवा मदरशाच्या एका कोपऱ्यात लोखंडी कपाट, त्यात पन्नास पुस्तकं, एक नोंदवही आणि दर शुक्रवारी अस्रनंतर अर्धा तास. नोंदवही सांभाळायला आठवी-नववीतल्या दोन मुली पुरतात. लग्न, अकीका अशा प्रसंगी कुणी कपाटासाठी दोन पुस्तकं दिली, तर वर्षभरात कपाट भरून जाईल.

परदेशातले अब्बा आणि गोष्टीची वेळ

आपल्याकडे कित्येक घरांतले अब्बा कुवेत, कतार, सौदीत असतात. फोनवर बोलणं ठरलेलं, "अभ्यास केला का? नमाज पढलास का? अम्मीला त्रास देत नाहीस ना?" मूल हो-हो म्हणतं आणि फोन ठेवतं. याऐवजी एक पुस्तक दोघांकडे असू द्या, नाहीतर स्टोरीवीव्हरवरची एकच गोष्ट दोघांनी उघडा. अब्बांनी ड्युटीवरून आल्यावर दोन पानं वाचून व्हॉइस मेसेज पाठवावा. मुलाने पुढची दोन पानं वाचून उत्तर पाठवावं. आठवड्यात एक गोष्ट होईल. अब्बांचा आवाज आणि गोष्ट, दोन्ही मुलाच्या कानात राहतील. सुट्टीवर येताना चॉकलेटच्या डब्याबरोबर एक पुस्तकही आणावं, पण ते आणून कपाटात ठेवू नये.

पालक विचारतात ते तीन प्रश्न

"अवांतर वाचनाने अभ्यास मागे पडणार नाही का?" उलट आहे. गणिताचं शाब्दिक उदाहरण चुकतं ते बऱ्याचदा गणित न आल्यामुळे नव्हे, वाक्य न कळल्यामुळे.

"पुस्तकात आपल्या घराला न पटणारं काही असलं तर?" आधी स्वतः चाळून बघा, हा पालकांचा हक्क आहे. पण एखादं वाक्य पटलं नाही म्हणून पुस्तक हिसकावून घेऊ नका. "आपल्याकडे असं का करत नाहीत?" यावर मुलाशी बोला. मूल बाहेर हे ऐकणारच आहे, आधी घरात ऐकलेलं बरं.

"आम्हीच फारसे शिकलेलो नाही, आम्ही काय करणार?" मुलाला वाचायला सांगा आणि शेजारी बसून ऐका. मध्येच विचारा, "मग पुढे काय झालं?" दादीने एक जुनी गोष्ट सांगावी, नातवाने ती वहीत उतरवावी. वाचन ऐकणारा माणूस घरात असला की मूल वाचतं.

या आठवड्यात एवढं करून बघा. एक गोष्ट निवडा, ती उर्दू आणि मराठी दोन्हींत मिळवा, आणि इशाच्या नमाजनंतर मोबाइल चार्जिंगला लावून पंधरा मिनिटं घरात सगळ्यांनी मिळून ती वाचा. पुढच्या आठवड्यात गोष्ट मुलालाच निवडू द्या.